जवळा

अर्धा तास आधी काही खायचं नाही, चहासुद्धा नाही,
ओजसने कागद दोनदा वाचून दाखवला.
नळीत रेघेपर्यंत थुंकायचं.
साठी उलटलेल्या बाईच्या तोंडाला पाणी सुटता सुटेना.
मग मी कैरी आठवली, चिरलेली, मीठ-तिखट लावलेली,
माझगावच्या शाळेच्या फाटकाबाहेरची,
आणि नळी भरली.
कुरियरवाल्याने विचारलं, आत काय आहे?
ओजस म्हणाला, मावशी.

टक्क्यांचा रंगीत नकाशा आला, तो मी बाजूला ठेवला.
ऑनलाइन झाडात पुरुष आधीच जाऊन बसले होते,
मामांच्या वहीतून उतरवलेले, बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा.
बायकांच्या चौकटी करड्या. आत एकच शब्द, अज्ञात.
आजीचं माहेरचं नाव काशी, एवढं मला ठाऊक.
तिच्या आईचं सोनी.
सोनीची धाकटी बहीण भिकी.
भिकीखाली मीच टाइप केलं: मृत्यू १८९७, प्लेग, मांडवी.
घरात सांगायचे ते इतकंच,
तपासणीवाले आले, अंगाला हात लावला, गाडीत घातली,
बाकीचे रात्रीच गलबतात बसून गावी पळाले.
सहा वर्षांची होती.

मग एका मंगळवारी पडद्यावर नाव उगवलं:
करुणा शांतवन ओहोळ, नागपाडा.
रक्त जुळतं, एक टक्क्याहून जरा कमी.
नातं: थर्ड कझिन.
आता कझिन म्हणजे चुलत का मावस, आते का मामे,
यंत्राला कुठलं कळायला.
नागपाडा आमच्या घरापासून बसने पाच स्टॉप.
कॅनडातल्या मुलाने तिच्याकडूनही अशीच नळी भरून घेतली होती.
(तिने काय आठवलं, विचारायचं राहिलं.)

राणीच्या बागेत भेटलो,
पेंग्विनच्या रांगेपासून लांब, एका बाकावर.
तिने पिशवीतून झेरॉक्स काढली, मिशनच्या रजिस्टराची.
भिकी. वय अंदाजे सहा. प्लेग इस्पितळातून आणली.
डाव्या मनगटावर गोंदण, तुळस.
आईबाप नाहीत.
तिथे माझं बोट अडलं.
होते गं, मी म्हणाले. पळाले होते.
करुणा काही बोलली नाही.
समोर माळी पाण्याचा पाइप ओढत होता, तो कशात तरी अडकला होता.

पुढे तिचं नाव मार्था झालं.
तुळस तेवढी गेली नाही,
बायबलचं पान उलटताना बाहीतून डोकवायची.
नर्स झाली, जन्मभर दुसऱ्यांचे ताप मोजले.
चार मुलं. वारली एकोणीसशे एकोणसत्तरला.

एकोणसत्तर.
मी बोटांवर मोजलं. बहात्तर वर्षं.
साथ ओसरल्यावर आमचे परत आले, माझगावात खोली घेतली,
आणि दर भाद्रपदात भिकीचं पान मांडायला लागले.
सोनीने बजावलं होतं, कुणाला विसरलात तरी हिला नाही.
सोनीमागून आजीने मांडलं, आजीमागून आईने, आता मी.
लहान म्हणून शेवयांची खीर जास्त.
कावळा शिवला की आजी हात जोडायची,
आणि तिकडे पाच स्टॉपवर
मार्थाबाई स्टोव्हला पंप मारत असायची.

हे सांगितल्यावर करुणा इतकी हसली
की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.
खीर? अगं, गोडाला हात लावायची नाही पणजी.
जवळा लागायचा तिला. कांद्यात परतलेला. रोज.

घरी येऊन चौकट उघडली, १८९७ पुसलं.
खात्री आहे का, असं विचारलं तिने.
मी उगाच थोडा वेळ थांबले.

भाद्रपद लागला तेव्हा करुणाला फोन केला.
श्राद्धाला जवळा चालत नाही गं, मी म्हणाले.
तिला चालायचा, ती म्हणाली.