डॉक्सी, एफ्रम

मॅटलॉकच्या दप्तरखान्यात मंगळवारी मी फुकट काम करते.
निवृत्त बाईला एक हीटर, खिडकीखाली दरी
आणि दुसऱ्यांच्या पूर्वजांची कागदपत्रं,
एवढं पुष्कळ झालं.

आज हा. पायदळ. साधा शिपाई.
गाव वर्क्सवर्थ, डोंगरापलीकडे, बसनं वीस मिनिटं.
उंची पाच फूट साडेपाच इंच. डोळे करडे.
कपाळावर देवीचे वण.
धंदा: मोजे विणणे.
सहीच्या जागी एक फुली,
इतकी दाबून काढलेली
की पानाच्या पाठीवरही हाताला लागते.

१८४७. त्या साली मागावर पोट भरत नव्हतं.
भरतीच्या सार्जंटनं जत्रेत बिअर पाजली असेल.
(‘असेल’ हा शब्द आमच्याकडे पेन्सिलीनंच लिहायचा असतो.)

पुढं सात वर्षं काही नाही.
म्हणजे कवायत, पट्ट्यांना पांढरी माती, बटाटे, कवायत.
एकदा लष्करी कोर्ट: सरकारी बूट विकले,
बेचाळीस दिवस कैद.
बूट कितीला गेले ते लिहिलेलं नाही.

मग क्रिमिया.
मोजे विणणाऱ्याच्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली.
कारकुनानं हे एका ओळीत उरकलंय,
न थांबता,
आणि खाली पदकाची पोच.

मग केपला वळसा घालून चार महिने बोट,
आणि पुढच्या पानावर अचानक
माझंच गाव, वाकड्या स्पेलिंगात.
खडकीची त्यांनी किरकी केलेली.
ताप, एकतीस दिवस इस्पितळ. पुन्हा ताप. यकृत.
मी चष्मा पुसला. उगाच.
तो काही माझ्या आजोळी पाहुणा आला नव्हता;
खांद्यावर बंदूक घेऊन आला होता,
आणि ज्यांच्यावर ती रोखली
त्यांची पुडकी कुठल्याच मंगळवारी
माझ्या टेबलावर येत नाहीत.

१८६३, चॅटम. ‘झिजलेला’ असा शेरा मारून सोडला.
वय चौतीस. वर्तणूक: चांगली.
रोज आठ पेन्स.

घरी आला. हॅना नावाच्या विधवेशी लग्न केलं.
एकाहत्तरच्या शिरगणतीत मुलगी, वय सहा.
तिच्या नावापाशी सगळे अडखळलेत.
सूचीत कुणी ‘जो’ केलंय आणि पुढं ‘मुलगा’.
कुणी प्रश्नचिन्ह टाकून सुटलंय.
जे, दोन ओ, दोन ई.
मी ते मोठ्यानं वाचलं,
आणि शेजारच्या टेबलावरच्या विनिफ्रेडनं मान वर केली.

जुई.

कुणाकडून ऐकलं, कुठल्या कुंपणाशी,
की इस्पितळाच्या व्हरांड्यात कुणी
ओंजळ रिकामी करून गेलं होतं,
कागद बोलत नाही. मीही रचणार नाही.
एवढंच म्हणेन,
ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं
त्यानं दारातल्या गणनेवाल्याला
हे नाव दोनदा, सावकाश, सांगितलं असेल.
(पेन्सिलीनं.)

एकोणऐंशीत तो वारला. फुफ्फुसं.
एक्क्याऐंशीच्या शिरगणतीत ती ज्यूलिया.
सोळा वर्षं. गिरणीत फीत विणते.
हाक मारणारं माणूस गेलं की नाव किती दिवस टिकतं?
दोन वर्षं. कमीच.

वर्क्सवर्थच्या गिरण्या तेव्हा लाल फीत विणायच्या,
सरकारी कागद बांधायला.
याही पुडक्याला तसलीच आहे, विटून विटकरी झालेली.
तिच्याच हातची, असं मी म्हणणार नाही.

दुरुस्तीच्या अर्जात मराठीला रकाना नाही.
‘इतर’पुढं फुली केली,
जरा दाबूनच.
साडेचारला दिवे बंद करतात.
जुन्या फितीची गाठ मला नीट जमत नाही;
विनिफ्रेड म्हणाली, राहू दे, मी बांधते.