कुठून गळतंय

फर्नांडिस बाईंच्या पद्मिनीखाली
रात्री वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं.
सकाळी बघतो तर
जाहिरातीतल्या नवरदेवाच्या कपाळावर
रुपयाएवढा काळा डाग.

इंजिन माझ्याच हातचं.
पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी.
क्रँक तेवढा उद्यमबागेत नेऊन
इराप्पा हट्टीहोळीकडून ग्राइंड करून आणलेला.
तेल गिअरबॉक्सच्या तोंडाशी येतंय म्हणजे मागचं सील,
सील धरत नाही म्हणजे क्रँक,
आणि क्रँक म्हणजे इराप्पा.
इतकं सरळ होतं ते.

दोनदा गिअरबॉक्स उतरवला.
दोनदा सील बदललं.
सीलवाला म्हणाला, बसवणाऱ्याची चूक.
बाई काहीच म्हणाल्या नाहीत,
कॅम्पातल्या आपल्या पोर्चची फरशी
सोड्यानं घासत राहिल्या.
मग मी उद्यमबागेत गेलो
आणि इराप्पाच्या कामगारांसमोर
त्याला शिवी दिली, कन्नडमधून,
नीट लागावी म्हणून.

तुरमुरीची सुगंधा माझ्याकडं काम शिकते.
ती म्हणाली, "मामा, पुसून तर बघूया की पहिला."
डिझेलनं सगळं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं.
तिनं पिशवीतून संक्रांतीच्या वाणातला
पावडरचा डबा काढला
आणि न्हालेल्या बाळाला लावावी तशी
इंजिनभर लावली.
गॅरेजात मोगरा.
मी हसलो. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं.

बॅटरी घेऊन दोघं वाकलो.
खाली, सीलच्या आत, पांढरं तसंच पांढरं.
वर, पार वर,
व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून
एक काळी रेघ निघालेली,
ब्लॉकच्या पाठीवरून, एका बोल्टाला वळसा घालून,
कुणाला दिसू नये अशी उतरत
बेलहाउसिंगच्या कडेला येऊन लोंबत होती.
"चार," सुगंधा थेंब मोजत होती, "पाच."

तिथलं कॉर्क जुनंच.
मीच ठेवलेलं. चांगलं आहे की अजून, म्हणून.
चाळीस रुपयांचं.

संध्याकाळी तिसरं गेट ओलांडेपर्यंत
मनात वाक्यं जुळवत होतो.
मराठीत जुळली.
कन्नडमध्ये मला भाव करता येतो,
मापं सांगता येतात, भांडता येतं.
त्याच्या पुढचं कधी लागलंच नव्हतं.

इराप्पा मशीनवर होता.
क्रँकवर दुधासारखं पाणी पडत होतं.
मान वर न करता म्हणाला,
"इन्नू सोरतैतेनु?"
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि खिशातून कॉर्क काढून
त्याच्या मायक्रोमीटरशेजारी ठेवलं.

त्यानं ते उचललं, वाकवलं.
भिजल्या बिस्किटासारखं तुटलं.
दोन्ही तुकडे त्यानं उजेडाकडं धरले,
बराच वेळ,
जणू हजारातला एक भाग मोजायचा आहे.

मशीन बंद केलं नाही त्यानं.
पायानंच स्टूल माझ्याकडं सरकवलं.
"दहा मिनिट बस," म्हणाला, मराठीत,
"एवढं जर्नल संपू दे."