सापडलेल्या वस्तूंची वही

मत्रहच्या बाजारात, लोबानवाल्याच्या पाठीमागे
आमची लाँड्री.
तिथे खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही:
खिशात जे सापडेल ते लिहायचं, तारीख घालून.
पन्नास बैसांचं नाणं. सुरमेदाणी.
एकदा दुधाचा दात, कागदात गुंडाळलेला.
मुरादशेठ म्हणतो, कपडे तेवढे धुवायचे,
बाकी सगळी अमानत.

पुस्तक निघालं एका कोटाच्या आतल्या खिशातून,
मशीनमध्ये गरगरून पावासारखं फुगलेलं.
पुठ्ठा गेला होता. नाव गेलं होतं.
पहिली बेचाळीस पानं
एव्हाना समुद्राला मिळाली असतील.
वहीत लिहिलं: बुक, एक, ओलं.
कोटवाला कोट घेऊन गेला, पुस्तकाचं विचारलंही नाही.
तीन महिने वाट पाहिली.
मग पान पान सोडवलं
आणि दिशदाशांची इस्त्री अगदी मंद करून
इंग्रजीवरून फिरवली.

हेदवीच्या शाळेत हीच इंग्रजी
दोनदा माझ्या अंगावर धावून आली होती.
इथे छडी नव्हती. रोज रात्री अकरा ओळी,
बंकच्या वरच्या मजल्यावर,
कुंजुमोनच्या मोबाइलच्या उजेडात.

लिहिणारा गडी वाट चुकण्यात पटाईत.
बोट सुटते, गाढव पळतं, नकाशा उलटा धरतो,
आणि दर वेळी काहीतरी गवसतं त्याला:
बुजलेली विहीर, दगडावरची अक्षरं,
उकडलेलं अंडं हातावर ठेवणारी म्हातारी.
म्हणून मला 'प्लीज'च्या आधी 'लॉस्ट' आला,
'थँक यू'च्या आधी 'बाय चान्स'.
गिऱ्हाईक विचारी, शर्ट कधी?
मी सांगे, "विथ अ फेअर विंड, टुमॉरो."
एक मडम इतकी हसली की पावती काउंटरवरच राहिली.
मुरादशेठला वाटलं, मी शिवी दिली.

एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर अडलो.
एम, ओ, एन, जी, दोन ओ, एस, ई.
हमालाच्या टोपलीत होतं काहीतरी ते.
कुंजुमोन म्हणाला, फळ असणार, मँगोचा भाऊ.
पटलं. फळ समजून पाच पानं वाचली.
सहाव्या पानावर
त्या फळाने साप मारला.

उठून बसलो. वरचा पंखा डोक्याला लागता लागता राहिला.
मॉन्गूज.
मंगूज.
मुंगूस!

अरे, तू?
आमच्या गडग्यावरून आडवं जायचंस ते तूच ना?
आम्ही पोरं आण घालायचो, तोंड दाखव म्हणून,
आणि वळून बघितलंस की त्या दिवशी गणिताचा पेपर सोपा.
कुणाच्या गलबतात चढलास बाबा?
कुठल्या वखारीत, कुठल्या अर्धबहिऱ्या कारकुनाने
तुझ्या उचा ओ केला,
शेपटीला एक मुका ई बांधला
आणि सोडून दिलं तुला जगभर?
माझंही तसंच. झिलू पाष्टेचं पासपोर्टावर जिल्लो झालंय,
आणि विमानतळावर कुणी जिल्लो म्हटलं
की मी निमूट ओ देतो.

लेखकाला यातलं काही ठाऊक नव्हतं.
ते त्याच्या बुटांचा वास घेऊन गेलं, एवढंच त्याने लिहिलंय.
वाटा चुकून चुकून इतकं सापडलं त्या माणसाला,
आणि हे त्याच्या पायाशी येऊन गेलं.

कुंजुमोनला उठवून सांगितलं.
"मग साप कुठल्या भाषेतला?" त्याने विचारलं
आणि कूस बदलली.

सकाळी वही उघडली.
लिहिलं: मुंगूस, एक, कोरडं.
मालकाच्या रकान्यात पेन जरा घुटमळलं.
तेवढ्यात तीन नंबरची मशीन खडखडायला लागली,
आत कुणाच्या तरी किल्ल्या राहिल्या होत्या.