बोटुकली

एकवीस व्हिडिओ, आमच्याच तलावाचे,
आणि राहतात कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर
ज्याचं भाडं भरणारी संस्था मार्चात बंद होते आहे.

पहिल्या रात्री लिहिलेला कोड फारच लवकर म्हणाला, झालं.
सोसायटीच्या लायब्ररीत एकवीस करड्या चौकटी.
आणले होते नुसते पत्ते.
नंदाबाई वलथरे चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"दुसऱ्याच्या बोडीचं नाव लिवून आणलं तू.
मासोरी कुठी हाये?"

मग दुसरा कोड.
आधी तात्पुरत्या जागी उतरव,
वजन पाहा, प्रकार पाहा, मगच सोड.
ही रीत मला ठाऊक होती.
बोटुकलीची पिशवी आली की
मोरेश्वर ती लगेच उघडत नाही,
तशीच तरंगू देतो तलावावर
आतलं पाणी बाहेरच्यासारखं होईपर्यंत.

साकोलीकडच्या टॉवरची रेंज रात्री दोननंतर बरी.
एकेक ओढत राहिले.
अकरावा चव्वेचाळीस टक्क्यांवर तुटला,
तीनदा, तिथेच.
सोळावा आला शून्य बाइटचा.

सोळाव्यात नंदाबाईच होत्या,
कंबरभर पाण्यात,
पायाच्या अंगठ्याने चिखलात गवत रोवत
दाढक अंडी कुठे घालतो ते सांगत.

हा पुसू का, मी विचारलं.
"राहू दे. नाव तं आलं ना त्याचं."
मग पदर खोचला.
"मोबाईल चार्ज हाये का तुया?
पाणी उतरलं हाये आता.
चाल."