अर्धा फेरा

फेब्रुवारी, मिसुरी. पाणी सहा अंशांवर.
व्हर्लिन स्टॉडर्ड रबरी मासा
शर्टाच्या आत, काखेत धरून बसलाय.
गारठ्यात प्लॅस्टिक ताठरतं,
शेपटी हलायची विसरते.

"अंडं उबवतोयस का?" डेल्फा विचारते.
ती नाव सांभाळते, कॉफीचा थर्मास,
आणि न दाखवता त्याचा उजवा हात.
जूनमध्ये झटका आला.
तेव्हापासून शर्टाची बटणं लावेतो
टीव्हीवरच्या बातम्या संपतात.

गळ टाकला. बुडू दिला.
वीस फूट. तळाचा दगड लागेपर्यंत
दोघंही गप्प.
मग रीळ: अर्धा फेरा.
थांब.
अर्धा.

थंडीत बास पाठीमागे धावत नाही,
तोंडापाशी आलं तर घेतो,
ताटावर बसवून घेतलेल्या
रुसलेल्या पाहुण्यासारखा.

धडधाकट होता तेव्हा या खाडीत
त्याला हिवाळ्यात एकही लागला नव्हता.
डेल्फाला आठवतंय. ती कॉफी ओतते.

ओढ नाही, हिसका नाही,
दोरी नुसती जड झाली,
कुणी ओला टॉवेल वाळत टाकावा तशी.

"आहे."
"दगड असेल."
"दगड श्वास घेत नाही, बाई."

वर आला तो हिरवा, जाड, बधिर.
बोटं मिटेनात म्हणून गळ तिने काढला.
तो मात्र माशाला पाण्यात धरून राहिला,
बराच वेळ,
मनगटापर्यंत बाही भिजवून.

शेपटी एकदा हलली, आणि गेला.

करंगळीही हलली, व्हर्लिन म्हणतो.
डेल्फा म्हणते, पाणी होतं ते.