तिसरी पाळी

बँक, कुकर, भांडी, अप्पांच्या रात्रीच्या गोळ्या,
आणि साडेदहानंतर
मी शेवेचे डबे उघडते.
लवंगी शेवेच्या डब्यात विटकरी रंग,
रतलामीच्या डब्यात राखाडी.
कितीही धुतलं तरी
एखाद्या विटेला अजून हिंगाचा वास येतो.

आमची भाषा आमच्यापुरती.
चपटी ती पापडी, एकटा तो दाणा,
डोक्यावरचा गोल उंचवटा म्हणजे बुंदका.
तीन पापड्यांची उंची म्हणजे एक वीट,
पाच पापड्यांची उंची म्हणजे दोन बुंदक्यांची रुंदी:
हा हिशेब ज्याला कळला
तो वीट कुशीवर निजवतो,
बुंदका भिंतीच्या पोटात दडवतो,
मग भिंत भिंतीसारखी दिसते.
हे मला ताहेरभाईंनी शिकवलं.
सियागंजात त्यांचं बिजागऱ्यांचं दुकान आहे.
आणि दातांचे डॉक्टर रेठरेकर,
त्यांनी सज्जाखाली हिरवे बेडूक ओळीने उलटे टांगले.
लांबून बघा, कमळं.
तिघांचा नियम एकच:
डिंक नाही, करवत नाही.
चुकलं तर उसवायचं.

मी मिल बांधत होते.
करवती छप्पर तीन रात्रींत उतरलं.
अडलं ते चिमणीपाशी.
चौकोनी विटेला गोल व्हायला कसं सांगायचं?

ताहेरभाई म्हणाले, सांगायचं नाही.
प्रत्येक विटेच्या सांध्यात केसाएवढी ढिलाई असते,
कारखान्याने ठेवलेली, न सांगता.
दोन बुंदक्यांच्या विटा घे, एकाआड एक चढव,
लांब भिंत कर, आणि हळूहळू वळव.
एक वीट काही वळत नाही.
सगळ्या मिळून वळतात.

बावन्न विटांचा थर, वर दुसरा, वर तिसरा.
टोकं जुळत आली.
बोटभर अंतर उरलं
आणि टच्च.
विटा सोफ्याखाली, देव्हाऱ्यात,
अप्पांच्या चपलेत.

अप्पा जागे होते.
नंदानगरच्या या दोन खोल्यांत
रात्रपाळीचा माणूस कधी नीट झोपलेलाच नाही.
चपलेतली वीट घेऊन आले,
पडलेला तुकडा दिव्याखाली धरला,
खालची वर, वरची खाली, अर्ध्याने सरकलेली,
नखाने चाचपत गेले.
म्हणाले, अगं, हे तर साधं विणकाम आहे.
मग म्हणाले, ताण जास्त झालाय.
ताण जास्त झाला की मालक बदलून उपयोग नाही,
चार ताणे वाढव.

चार वाढवल्या. छप्पन्न.
चिमणी मिटली. आवाजसुद्धा झाला नाही.

माझ्या कमरेइतकी झालीय आता.
खरी वर जाताना निमुळती होते, माझी होत नाही.
अप्पांना ते दिसलं, बोलले नाहीत.
सांधा कुठे आहे म्हणून बोट फिरवत राहिले
आणि एकदा फेरी पूर्ण झाल्यावर
पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं.

रेठरेकर म्हणाले, वर कापूस लावा, धूर दिसेल.
अप्पा म्हणाले, कापूस होता तेव्हा धूर होता,
आता कापूस लावून काय?
डॉक्टर दातांचे असूनही गप्प बसले.

छपराच्या खिडक्यांना मी पिवळ्या काचा लावल्या होत्या,
आत दिव्यांची माळ, सगळीकडे उजेड.
अप्पांनी विचारलं, पाळी कुठली?
मी म्हटलं, पाळी?
उत्तर दिलं नाही.
टाचणीच्या टोकाने एकेक काच उपसून
माझ्या तळहातावर ठेवत गेले:
इथे एवढा उजेड नसायचा.
इथे बल्ब उडालेला होता, अर्ज दोनदा दिला होता.
इथे पुतळाबाई झाडू घेऊन बसायची, अंधारातच.

उजव्या हाताची शेवटची खिडकी राहिली.
तिच्यावर टाचणी टेकवली, उचलली,
आणि हात पायजम्याला पुसून म्हणाले,
वर काहीतरी झाक.
धूळ बसते.