बारा वाजायच्या आत

अल्पाका दुपारनंतर विणत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही.
साडेचार हजार मीटरवर जो राहतो
त्याला थंडीच सांगते:
ओलं पिल्लू सुकायला ऊन लागतं,
आणि इथलं ऊन दुपारीच आवरतं घेतं.

म्हणून जानेवारीत बारापर्यंत माझा एक डोळा कळपावर.
बटाटे सोलताना,
पाण्याच्या टाकीवर चढून यानेतशी फोनवर बोलताना,
कारण रेंज तिथंच, आणि ती हुलियाकात नर्सिंग शिकते.
कोण बाजूला गेली, कोण सारखी उठते-बसते,
कोण लेंड्यांच्या ढिगाशी जाऊन नुसतीच उभी राहते.
त्रेचाळीस आहेत. सेहेचाळीस होत्या.
दोन कोल्ह्यानं नेल्या, एक विजेनं.
बारा वाजले की मी चहा ठेवते.

फळली की नाही, हे कळायला डॉक्टर नको.
नराला दोरीनं धरून तिच्यासमोर न्यायचं.
तो घशातून घरघर सुरू करतो,
थंडीत मोटारसायकलला किक मारत राहावं तशी.
रिकामी असली तर गुडघे मोडून खाली बसते.
गाभण असली तर कान मागे, मान वर,
आणि थू!
हिरवं, आंबलेलं, नेमकं त्याच्या डोळ्यांवर.
दोरी फाउस्तोच्या हातात, त्यामुळे निम्मं त्याच्या टोपीवर.
मी वहीत फुली मारते.
आमच्याकडे आनंदाची बातमी अशी येते.

लोकर न्यायला दोन आबेलार्दो येतो,
चिमटीत धरून उजेडाकडे बघतो.
पांढरी असेल तर बोलतो,
तपकिरी, काळी, राखाडी असेल तर नुसताच तराजू काढतो.
शेजारच्या लुसियोनं गेल्या वर्षी रंगीत सगळी विकली, मटणाच्या भावानं.
आता त्याचा कळप धुतलेल्या चादरींसारखा.
धुकं आलं की त्याला तो मोजता येत नाही,
हाका मारत फिरतो.

तुता म्हणजे रात्र. काळी आहे म्हणून.
नऊ वेतं झालेली, एकदाही मला चहा उशिरा प्यायला लावला नाही.
मागच्या मंगळवारी साडेतीनला
तिच्या शेपटीखाली एक नाक दिसलं
आणि एक पाय. दुसरा नाही.
फाउस्तो लसी आणायला गेलेला.
डोंगराच्या पाठीमागून गारा पत्र्यावर वाजत येत होत्या.
मी कोपरापर्यंत हात धुतला,
आत गुडघा वाकडा सापडला, मुडपलेला,
तो सरळ केला, आणि ती कळ देईल तेव्हाच ओढलं,
खाली, तिच्या घोट्यांच्या दिशेनं.
ती ओरडली नाही. गुणगुणत राहिली, म्ंऽऽ,
जसं काही मीच विणत होते आणि ती धीर देत होती.

नाळेला आयोडीन. बाकीचं यानेतच्या शाळेच्या स्वेटरात.
चुलीत त्यांच्याच लेंड्यांचा विस्तव.
दारातून तुतानं मान आत घातली, पाठीवर गारा घेऊन,
आणि बाहेर काढेना.
वार पडली सहाला. चीक प्यायला साडेआठ वाजले,
तोपर्यंत मी त्याच्या तोंडात बोट धरून बसले होते,
दात नसलेल्या गार तोंडात.

माशांच्या काट्यावर सहा किलो दोनशे.
सुकल्यावर रंग कळला: बांडं.
पांढऱ्यावर काळे डाग, एका डोळ्याभोवती शाई सांडल्यासारखी.
शनिवारी फाउस्तो म्हणाला,
याची लोकर कुठल्या पोत्यात भरायची?
मी म्हटलं, आधी वाढू दे.
मग म्हटलं, वेगळं पोतं शिवीन.

तुताला पंधरा दिवसांनी परत नर दाखवायचा असतो.
वहीत तिच्या नावापुढं मी काही लिहिलेलं नाही.
स्वेटर दोनदा धुतला, वास जात नाही.
यानेतला अजून सांगितलेलं नाही.
आणि चहा आता चारला.